तीर्थाच्या बाटलीची गाठ

हेमलताबाईंनी पूजेच्या पिशवीतून गंगाजलाची बाटली काढली आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. बाटलीच्या गळ्याला लाल दोरा होता, पण त्याची गाठ त्यांची नव्हती.

त्यांनी स्वतः काल दुपारी बांधली होती ती साधी सुरगाठ, वाटेत झाकण सैल होऊ नये एवढ्यापुरती. ही गाठ चपटी होती, घट्ट आवळलेली, दोन्ही टोकं आत खोचलेली. अशी गाठ मारणारा माणूस त्यांना चांगला ठाऊक होता. त्यांचे पती नंदकिशोर सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर होते. यंत्रांची खोकी बांधता बांधता बोटांना जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. रद्दीचा गठ्ठा असो की लोणच्याच्या बरणीवरचं फडकं, यांची गाठ सोडवायची तर नखं तुटायची.

त्यांनी गाठ सोडवली आणि झाकण फिरवलं.

पाण्यासारख्या दिसणाऱ्या त्या दारूला म्हणे वास नसतो. ज्यांनी तो कधी उशीवर घेतला नाही, त्यांना नसेल. हेमलताबाईंनी बाटली नाकापर्यंत नेलीसुद्धा नाही. झाकण परत लावलं, दोरा जमेल तसा गुंडाळला, बाटली पिशवीत ठेवली आणि देव्हाऱ्यासमोर खाली बसल्या.

न्हाणीघरात पाणी पडत होतं आणि नंदकिशोर गुणगुणत होते.

गेली काही वर्षं हेमलताबाईंचा एक नेम होता. सकाळी पूजा करायची, नवऱ्याच्या तळहातावर तीर्थ द्यायचं, त्यांनी ते घेतलं की मगच स्वतःच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा. हा नेम त्यांनी कुणाला सांगून धरला नव्हता. पूर्वी, पिण्याच्या दिवसांत, नंदकिशोर सकाळी देव्हाऱ्याकडे फिरकत नसत. आलेच तर तळहात इतका थरथरायचा की तीर्थ जमिनीवर सांडायचं, आणि मग ते तसेच, तोंड फिरवून निघून जायचे. मग ते इस्पितळातले दिवस आले. डॉक्टरांनी हेमलताबाईंना बाजूला बोलावून, यकृताचं चित्र दाखवून, एक थेंबही नाही असं बजावलं. घरी आल्यावर पहिल्या सकाळी नंदकिशोर आपणहून पाटावर येऊन बसले आणि हात पुढे केला. तेव्हापासून तो हात रोज पुढे यायचा. हळूहळू स्थिर झाला. आता तर पळीतलं पाणी त्यात आरशासारखं थांबायचं.

आणि आज ही गाठ.

"आई, झालं का?" बाहेरून अजिंक्यचा आवाज आला. "टॅक्सी निघालीय म्हणे. के. आर. पुरम स्टेशनला जायला या वेळी किती ट्रॅफिक असतं ठाऊक आहे ना? चेन्नईची गाडी आपल्यासाठी थांबायची नाही, आणि जहाज तर मुळीच नाही."

"होतंय रे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं.

ही जहाजाची सहल अजिंक्यची हौस. आईवडिलांनी समुद्र फक्त काठावरून पाहिलाय, एकदा आतून बघू दे, असं म्हणून त्याने चौघांचं आरक्षण केलं होतं. काल जेवताना तो मोबाइलवर जहाजाचे नियम वाचून दाखवत होता, ते आता हेमलताबाईंच्या कानात पुन्हा वाजू लागले.

"ऐका. माणशी वाइनची एक बाटली चालते. तीही सीलबंद, पहिल्या दिवशी चढताना, हातातल्या सामानात. बाकी दारू, बिअर, काही नाही. मध्ये बंदरावर उतरून विकत घेतली तर ती काढून ठेवतात आणि शेवटच्या रात्री परत देतात."

"म्हणजे पाळणाघरच की," नंदकिशोर म्हणाले होते. "सोडा आणि जाताना न्या."

"अण्णा, लोक काय काय करतात! माउथवॉशच्या बाटलीत व्होडका, वरून निळा रंग. शॅम्पूच्या बाटलीत रम. म्हणून आता पाण्याच्या बाटल्यासुद्धा उघडून हुंगतात. सापडलं तर धक्क्यावरूनच परत."

"तुला फारच पाठ झालंय रे," रंजिता, त्यांची सून, चपाती वाढता वाढता म्हणाली. ती निपाणीची, बोलायला फटकळ. "परीक्षेला बसतोयस का?"

"अगं, वाईट याचं वाटतं की आई-अण्णांच्या वाटच्या दोन बाटल्या फुकट जाणार." बोलून गेल्यावर अजिंक्यने जीभ चावली.

पण नंदकिशोर मोकळे हसले होते. "माझ्या वाटची मी केव्हाच पिऊन बसलोय बाबा. पुढच्या जन्माचीसुद्धा."

ते हसू आता हेमलताबाईंना आठवलं. हसताना हा माणूस मनात हेच योजत होता का? पाण्याच्या बाटल्या हुंगतात, पण गंगाजलाची कोण हुंगेल, असं?

न्हाणीघराचं दार उघडलं. नंदकिशोर पंच्याने डोकं पुसत आले. हेमलताबाई उठून त्यांच्या अगदी जवळून गेल्या, जरुरीपेक्षा जास्त जवळून. साबणाचा वास आला. फक्त साबणाचा. पण बाटली भरलेलीच होती, तेव्हा त्यावरून काय कळणार?

"काय गं? अशी काय बघतेस?"

"काही नाही."

"खांदा दुखतोय का परत? ती पूजेची पिशवी माझ्याकडे दे. मी सांभाळतो."

हेमलताबाईंनी पिशवीचे बंद मुठीत धरले. इतकी वर्षं हा माणूस देवाच्या पिशवीला हात लावायला कचरायचा आणि आज आपणहून मागतोय.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी घेईन."

"अण्णा, ती आईकडेच असू द्या," बॅगेची चेन ओढत अजिंक्य घाईने म्हणाला. "आईच्या देवांच्या पिशवीत कुणी हात घालत नाही."

स्वयंपाकघरात रंजिता शेंगाचटणीची डबी कागदात गुंडाळत होती. हेमलताबाई तिथे जाऊन उगाच उभ्या राहिल्या. घशाला कोरड पडली होती आणि माठ समोर होता. पाणी घेता येत नव्हतं.

"आई, बरं वाटत नाही का? चेहरा केवढासा झालाय."

"रंजिता, आपण नाही गेलो तर?"

"आं?" तिने हातातलं काम थांबवलं. "कशामुळे?"

काय सांगायचं? पोटात दुखतंय असं खोटं बोलणं त्यांच्याने होणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मुलासमोर आणि सुनेसमोर या माणसाची गेल्या काही वर्षांची सगळी कमाई एका वाक्यात मातीत जाणार. ज्याने शेजाऱ्याच्या लग्नात सरबताचा पेलासुद्धा हुंगून घेतला, त्याला त्यांनी चोर ठरवायचं? आणि नाही ठरवायचं, तर ती बाटली पिशवीत घालून आपण धक्क्यावर उभं राहायचं? तिथे पकडलं तर शरम एक वेळची. पण नाही पकडलं तर? मग समुद्राच्या मधोमध, डॉक्टर सांगतात तो एक थेंब.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "प्रवास म्हटला की मला असंच होतं."

बाहेर मोबाइल वाजला. "हां, स्वल्प वेट माडी, बंदेवु," अजिंक्य ड्रायव्हरला कानडीत जरा थांबायला सांगत होता. "आई! गाडी गेटवर आलीय."

हेमलताबाई देवघरात परतल्या आणि दारातच थबकल्या.

नंदकिशोर पाटावर बसले होते. नवा शर्ट, ओले केस, मांडी घातलेली. उजवा तळहात पुढे.

"ये. तीर्थ दे लवकर. गाडी आलीय आणि तुझं पाणीपण राहिलंय ना?"

त्यांना नेम ठाऊक होता तर! इतकी वर्षं ठाऊक होता आणि एकदाही बोलले नव्हते.

हेमलताबाई पळी घेऊन समोर बसल्या. पंचपात्रातलं पाणी साधं होतं. त्यात गंगेचे दोन थेंब घालण्याची त्यांची रीत. जुनी बाटली काल संपली, आणि काशीहून आलेली नवी ही अशी. त्यांचा हात पळीवरच राहिला.

"अगं, थांबलीस का? नवी बाटली आहे ना पिशवीत? काल म्हणत होतीस की, जुनी संपली म्हणून." असं म्हणत नंदकिशोरांनी स्वतःच हात लांबवून पिशवीतून बाटली काढली, दोरा बाजूला केला आणि झाकणाला हात घातला.

त्या क्षणी हेमलताबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस बायकोसमोर, देवासमोर बसून ती बाटली उघडायला जाईल? यांना ठाऊक नाही. यांनी हे केलेलंच नाही.

आणि त्याच क्षणी झाकण फिरलं.

"अहो, नको!"

"अण्णा!" दारातून अजिंक्य ओरडला. त्याच्या हातातली बॅग खाली पडली.

नंदकिशोर हलले नाहीत. एका हातात बाटली, दुसऱ्यात झाकण. वास देवघरभर पसरला, उदबत्तीच्या वासाला बाजूला सारत. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. डोळे बाटलीच्या तोंडावर खिळले. गळ्याचा मणी एकदा वर जाऊन खाली आला. बाटली ओठांपासून वीतभर अंतरावर होती. हेमलताबाईंनी हात पुढे केला, पण हिसकावून घ्यायचा धीर झाला नाही. हिसकावली तर त्याचा अर्थ काय होईल, ते त्यांना कळत होतं.

देव्हाऱ्यातली समई तडतडली. नंदकिशोरांनी झाकण बाटलीवर ठेवलं. ते आट्यांवर बसेना. घसरलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. शेवटी एकदाचं फिरलं.

"कुणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"माझं." अजिंक्यचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "अण्णा, जहाजावरच्या बारमध्ये मला तुमच्यासमोर बसायचं नव्हतं. म्हटलं, आमच्या खोलीत, गपचूप... ही बाटली आई जहाजावर पोचेपर्यंत उघडायची नाही असं वाटलं. चढल्यावर लगेच काढून घेणार होतो. आणि गंगाजल मी तुळशीत घातलं आई, शप्पथ. वाया नाही घालवलं."

"देवाच्या बाटलीत?" रंजिता मागून म्हणाली. "अरे, डोक्यात काय भरलंयस? उद्या धक्क्यावर आईंना पकडलं असतं म्हणजे? 'ही बाई गंगाजलातून दारू नेते' म्हणून?"

अजिंक्यने मान खाली घातली. गाडीवाल्याचा पुन्हा फोन आला. कुणी उचलला नाही.

नंदकिशोर आता दोऱ्याकडे बघत होते. चुरगळलेला असला तरी त्यावर गाठीचा पीळ दिसत होता.

"ही गाठ माझी आहे," ते हळू म्हणाले. "तुला लहानपणी पतंग बांधायला शिकवली होती." मग त्यांनी मान वर केली, पण मुलाकडे नाही, बायकोकडे. "हा दोरा तू सोडला होतास. माझ्या आधी."

"हो," हेमलताबाई म्हणाल्या.

"म्हणून तू मघाशी जवळ आलीस. वास घ्यायला."

"हो."

"आणि मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "गाठ बघितली आणि मला वाटलं, तुम्हीच."

नंदकिशोरांनी बाटली अजिंक्यकडे दिली. "जा. मोरीत ओत आणि नळ सोडून ठेव. बाटली खाली कचऱ्यात टाकून ये." अजिंक्य गेला. रंजिता त्याच्या मागोमाग गेली. मोरीत पाण्याचा आवाज बराच वेळ चालू राहिला.

देवघरात दोघंच उरली.

"राग तुझा नाही आला," नंदकिशोर म्हणाले. "पूर्वी मी तसे दिवस दिलेच आहेत तुला. पण पुढच्या वेळी विचार. मी खरं सांगेन. घेतलेली असली तरी खरं सांगेन. पण असं चोरून हुंगू नकोस गं. ते सहन होत नाही."

"विचारीन," हेमलताबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "भीती वाटते विचारायची."

"मलाही वाटते. रोज." त्यांनी पुन्हा तळहात पुढे केला.

हेमलताबाईंनी पंचपात्रातली पळी भरली. दोन थेंब घालायला गंगा नव्हती. होतं ते नळाचं, कावेरीचं. सकाळी त्या नद्यांची नावं घेतात त्यात शेवटचं नाव कावेरीचंच असतं, हे त्यांना आठवलं आणि त्यांनी मनाशी तेवढंच म्हटलं.

तळहात थरथरत होता. पहिल्या दिवसांत थरथरायचा तसा.

"सांडेल आज," नंदकिशोर म्हणाले आणि हात मागे घेऊ लागले.

"सांडू दे." हेमलताबाईंनी आपला डावा हात त्यांच्या हाताखाली धरला आणि पळी वाकवली. थोडं पाणी नंदकिशोरांच्या तळव्यात राहिलं, ते त्यांनी डोळे मिटून घेतलं. बाकीचं बोटांच्या फटींतून गळून खाली हेमलताबाईंच्या तळहातात जमलं. त्यांनी ते सकाळचं पहिलं पाणी म्हणून पिऊन टाकलं.

मग पदराने त्यांचा हात पुसला आणि पूजेची पिशवी उचलली.

"ही घ्या," त्या म्हणाल्या. "माझा खांदा खरंच दुखतोय."