मध्यमेंदूची काळी पट्टी

पंचवटीतल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर डोळ्यांना काळी पट्टी बांधलेली मुलं हातातली कार्डं धडाधड वाचत होती आणि खाली आयाबाया चक्क हात जोडत होत्या.

"मध्यमेंदू जागा झाला की डोळे फक्त शोभेला," मध्यमेंदूचे वर्ग चालवणारे धनराज सर माइकवर गरजले. "क्वांटम तरंग थेट कपाळातून आत!"

मागच्या रांगेत उज्ज्वलाबाईंचा नुसता जळफळाट चालला होता. मुलांचा मेंदू काय धरून ठेवतो आणि काय सोडून देतो, या अभ्यासात त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. शिकवलेलं दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून विचारायचं, आठवड्यानं पुन्हा विचारायचं, ही पद्धत त्यांनी जिल्हाभरच्या शिक्षकांना सांगितली. शिक्षक यायचे, चहा प्यायचे, जांभया द्यायचे. आणि या माणसाला टाळ्या. त्याचं चकचकीत जाकीटसुद्धा बाईंना बघवेना.

तेवढ्यात त्यांच्याच सायखेड्याच्या वर्गातली आशा स्टेजवर आली. मेंदूनं वाचणाऱ्या पोरीला चष्मा कशाला, म्हणून तिच्या वडिलांनी, खंडेरावांनी, तो काढून घेतला होता. तेव्हापासून तिला फळा दिसत नव्हता. परवा तर ती शाळेच्या जिन्यात पडली.

कार्ड जवळ धरून आशानं झटकन वाचलं. टाळ्या पडल्या. पण मत्सरानं बाईंची नजर बारीक झाली होती. पोरीची हनुवटी वर आणि कार्ड मात्र खाली, छातीशी.

बाई उठल्या. भटारखान्यात पुऱ्यांची कणीक मळून ठेवली होती, त्यातला गोळा घेऊन त्या तडक स्टेजवर चढल्या आणि आशाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, पट्टीखालच्या फटीत, त्यांनी कणीक दाबून बसवली.

"वाच आता, बाळा."

आशानं कार्ड खालीवर केलं, पण तिला एक अक्षर वाचता येईना.

"कणकेनं तरंग अडतात," सर घाईघाईनं म्हणाले.

"तरंग कपाळातून जातात म्हणालात ना? कणीक मी नाकाशी लावलीय."

हशा पिकला. खाली बसलेले खंडेराव मात्र हसले नाहीत. "आशे, खरं सांग."

"नाकाजवळच्या फटीतनं खाली दिसतं, आप्पा. सगळेच तसं बघतात. सांगितलं तर मेंदू बंद पडंल, म्हनले सर."

खंडेरावांचा चेहरा उतरला. "बाई, मंग माझी पोर हुशार नाय?"

"हुशार आहे. पण मेंदू कवटीत, अंधारात असतो. त्याला बाहेरचं दाखवायला डोळेच लागतात. डोळ्यांवाचून वाचतो म्हणणारा कुणीही येवो, आधी त्याची पट्टी तपासा, मग टाळ्या वाजवा. आणि हिचा चष्मा आजच्या आज द्या."

हॉल रिकामा झाला. बाईंच्या पद्धतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि ते त्यांना झोंबलंच.

खंडेराव तेवढे मागं थांबले. "घरी रोज हिला काय इचारू, बाई? मी लय शिकलेला नाय."

"पुस्तक मिटून, काल शाळेत काय शिकलीस ते विचारा. आणि ती आठवत असताना मध्ये बोलू नका."