सतरा खिडक्यांतली एक

मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो, माझ्यावरची निम्मी अक्षरे झिजली आहेत, स्पेसबार एका बाजूने कुरकुरतो आणि माझ्या फटींत बिस्किटांचा इतका चुरा आहे की मुंग्यांना माझा पत्ता तोंडपाठ आहे. तरीही थोडी फुशारकी मारल्याशिवाय मला राहवत नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट एका भाषांतरकार बाईंच्या टेबलावर आलो. बाईंच्या पडद्यावर एका वेळी पंधरा-सोळा खिडक्या उघड्या असत. एकीत मूळ पुस्तक, दुसरीत भाषांतर, तिसरीत शब्दकोश. एखादे वाक्य अडले की बाई टिपणाची कोरी खिडकी उघडत, त्यात ते चार तऱ्हांनी लिहून पाहत आणि जमले की ती खिडकी टाकून देत. आल्ट दाबून टॅबला टिचकी मारली की मी त्यांना या खिडकीतून त्या खिडकीत नेत असे. माउसला विचारतो कोण! "याच्याशिवाय माझं पान हलत नाही," असे बाई एकदा फोनवर म्हणाल्या, तेव्हा मला आकाश ठेंगणे झाले.

बाईंचे वडील घड्याळे दुरुस्त करत. डोळे थकले तसे दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला आले. मग त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्याचे नाव, मग घरी यायचा रस्ता. बाई दोन वर्षांच्या असतानाच त्यांची आई गेली होती. तिच्याबद्दल जे काही ठाऊक होते ते एकट्या बाबांना. म्हणून बाईंनी त्यांना माझ्यासमोर बसवले. "आईचं जे आठवेल ते लिहा बाबा. मला तिचं काहीच माहीत नाही."

रोज दुपारी बाई जरा आडव्या झाल्या की बाबा टिपणाच्याच एका खिडकीत एका बोटाने लिहीत. ती रागावली की सगळ्यांना अहोजाहो करायची. लेकीला झोपवताना गाणे विसरली तर भाजीची यादीच त्या चालीवर म्हणायची. लिहिताना बाबा स्वतःशीच हसत.

चुकून खिडकी बंद होईल याची त्यांना धास्ती असे. बाईंनी सांगून ठेवले होते की बंद करूच नका, नुसती पडद्याच्या तळाशी खाली ठेवा, उद्या तिथेच असेल. आणि खरोखर असायची, कारण बाई संगणक कधी बंद करत नसत, नुसता झोपवत. लिहिलेले साठवायचे असते हे मात्र बाबांना कोणी शिकवलेच नाही.

एका सकाळी संगणक अडून बसला. काम दुपारपर्यंत द्यायचे होते. बाईंनी खिडक्या मोजल्या, सतरा निघाल्या. त्या एकेक मिटू लागल्या. त्यांत टिपणाच्या बिननावाच्या सहा होत्या. दर वेळी "साठवायचे का?" असा प्रश्न येई आणि बाई न वाचताच माझे नकाराचे बटण दाबत. त्या सहांतल्या पाचव्या खिडकीत बाबांचे तीन महिने होते. मला ठाऊक होते, त्यातले अक्षर न् अक्षर माझ्याच अंगावर उमटले होते. पण बोट पडले आणि मी इमानेइतबारे नकार कळवला. एरवी दहादा अडकणारे ते बटण त्या दिवशी एकदाही अडकले नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

दुपारी बाबांना खिडकी सापडेना. त्यांनी हाक मारली. काय झाले ते उमजल्यावर बाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, त्यात काय. पुन्हा लिहितो की."

ते पुन्हा बसले. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या, आठवड्याने एक. मग एका दुपारी बोटे माझ्यावर नुसतीच ठेवून त्यांनी विचारले, "मी हे कोणाबद्दल लिहितोय गं?"

"आईबद्दल, बाबा. माझ्या आईबद्दल."

"तुझी आई ना? मग तुलाच जास्त माहीत असणार. तूच सांग, मी लिहून घेतो."



मी आता कपाटात पडून असतो. मित्रांनो, घरातल्या थोरांना खिडकी खाली ठेवायला शिकवाल, तर साठवायलाही शिकवा. आणि बिननावाची खिडकी मिटण्याआधी एकदा आत डोकावा. माझ्यासारख्याला तुमचे बोट धरून थांबवता येत नाही.