फ्लोरीचे केस

फणीच्या मधल्या दोन दातांत अडकलेला तो पांढरा केस फ्लोरी मांजरीचा की बायकोचा, क्लेमेंटीनचा, हे खिडकीशी धरूनही आलोशियस मास्तरांना कळेना. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फणी अगदी नाकाशी आणली – शिंगाची फणी, एका टोकाचे तीन दात तुटलेले – आणि केस हलकेच ओढून पाहिला. तो येतच राहिला. वीत झाली, दोन विती झाल्या... मांजर कितीही केसाळ असली तरी इतका लांब केस तिचा कुठून असणार? आणि क्लेमेंटीनचे केस तर गेल्या मे महिन्यापासून कानाखाली उतरू दिलेलेच नव्हते. ही फणी तेव्हापासून फ्लोरीच्याच वाट्याला आली होती. म्हणजे हा जुना. वर्षभर फणीच्या मुळाशी दडून बसलेला. मास्तरांनी तो बोटाभोवती गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला, का टाकला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"पप्पा, आज त्या मांजरीचं काय ते ठरवा हं," स्वयंपाकघरातून लूर्डसचा आवाज आला. "नाहीतर मी तिला मागच्या दारी बांधून ठेवते. आईच्या जखमेला केस चिकटतात. रोज सकाळी मी एकेक उचलून काढते."

सुनेचं एक वाईट होतं, ती बरोबर बोलायची. तिच्यावर चिडायलाही जागा मिळत नसे. मुलगा बेसिल सकाळी सातला गोखिवऱ्याच्या कारखान्यात निघून जायचा तो दिवेलागणीला परतायचा. सासूला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, पाठीवर पडलेल्या जखमेत औषध घालणं, सगळं हिच्याच गळ्यात. आणि त्यात ही मांजर. लेकीनं, विनीनं, नोकरीवर असताना मुंबईहून वेताच्या टोपलीतून आणलेली, कुणा पारशिणीनं दिलेली. पुढे विनी कुवेतला गेली आणि मांजर क्लेमेंटीनची झाली. पांढरीशुभ्र, शेपूट झाडूएवढी. रविवारी क्लेमेंटीन आधी स्वतःचे केस विंचरी, मग हिचे, मग अंबाडा घालून त्यात फुलं माळी आणि चर्चमध्ये मिस्साला निघे, आणि मास्तर ओटीवर घड्याळ बघत उभे असत. 'दोघी राण्या झाल्या का तयार?' असं ओरडायचे. ओरडायचो मी... अडतीस वर्षं ओरडत होतो, आणि ती एकदाही धावपळीनं बाहेर आली नाही.

फ्लोरी आता मोरीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडली होती. तोंड उघडं, जीभ बाहेर. कुत्रं धापतं तशी धापत होती. मांजरीला असं धापताना मास्तरांनी या उन्हाळ्याआधी कधी पाहिलं नव्हतं. वारा केळीच्या बागेपलीकडेच कुठेतरी थांबलेला, विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलेलं. त्यांनी खाली बसून तिच्या पुढच्या पायाखाली बोट घातलं. तिथे केसांचे गठ्ठे झाले होते, वाळलेल्या गोंदासारखे घट्ट, आणि ते कातडीला ओढून धरत होते. एका गठ्ठ्याखाली लाल, ओलसर चट्टा होता. मास्तर रोज फणी फिरवायचे, पण वरवर. ओढलं की ती विव्हळायची आणि मग त्यांचा धीर सुटायचा. क्लेमेंटीनच्या हाताखाली ती कधी विव्हळली नव्हती.

कापायला हवेत. दिसतंच आहे की कापायला हवेत.

पण गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना परवा विचारलं, तर ते म्हणाले होते, मांजराला आपल्यासारखा घाम येत नाही. केस काढले म्हणजे गार वाटेल असं काही नाही, उलट उघडी कातडी उन्हानं भाजेल. गुंते तेवढे काढा, पण जपून, कातडी पातळ असते. पुढे ते म्हणाले, "घरचं जनावर आहे, मास्तर, तुम्हीच काय ते ठरवा." चौतीस वर्षं शाळेत मास्तरांनी दुसरं केलं तरी काय होतं? कुणाला वरच्या वर्गात घालायचं, कुणाला तिथेच बसवायचं, हे पोरांना न विचारताच ठरवलं होतं. पोरांना काय कळतंय, असं म्हणायचं आणि तांबड्या शाईनं रेघ मारायची. चुकल्याची तक्रार घेऊन कुणी आलं नाही, म्हणून सगळं बरोबरच असेल असं ते धरून चालले होते.

चहा पिऊन ते नाक्यावर जगन्नाथ न्हाव्याच्या दुकानात गेले. जगन्नाथ एका गिऱ्हाइकाला साबण लावत होता. मास्तरांनी मांजरीचं सांगितलं तसा तो हसला.

"मांजरीचा हजाम करता मला? नाय मास्तर. जनावराची चामडी सैल, कात्रीत कधी आली कलनार पन नाय." मग गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा ठेवून तो जरा थांबला. "गेल्या साली बाईंसाठी बोलावलंत तेव्हा पन मी नाय म्हनलो. राग धरला नाय ना?"

"छे रे."

"आमच्यात धनी जिता असताना बाईच्या डोक्याला हात लावत नाय. तुमच्यात चालत असेल." त्यानं वस्तरा ओढला. "मग कापले कुनी शेवटी?"

"मीच," मास्तर म्हणाले.

जगन्नाथनं वस्तरा खाली ठेवला. त्यानं माठातलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं आणि मास्तर ते उभ्यानंच प्यायले. त्या दिवशी त्यांनी याच दुकानात हसून म्हटलं होतं, अरे, आमच्यात तसलं काही नसतं, केस म्हणजे केस. शिकलेल्या माणसाचं हसू होतं ते. परतताना उन्हात ते पुन्हापुन्हा आठवत राहिलं.

ब्याऐंशीच्या ईस्टरला, अंबाडा घालता घालताच, क्लेमेंटीन पडली होती. फुलं हातातच होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला, तोही आपल्याच तंद्रीत चादर चाचपत राहणारा. डॉक्टर म्हणाले, हिच्यापर्यंत आता काही पोचत नाही. पहिल्या वर्षी लूर्डसनं ते गुडघ्यापर्यंतचे केस धुतले, वाळवले, वेणी घातली. मग उन्हाळा आला, मानेवर घामोळं उठलं, उवा झाल्या, आणि एके दिवशी लूर्डस मोरीत बसून रडली. तेव्हा मास्तरांनी ठरवलं. शिवणाच्या मशीनच्या खणातून क्लेमेंटीनची कात्री काढली... कापडाशिवाय तिनं ती कशाला लावू दिली नव्हती. एकदा मास्तरांनी शाळेचा नकाशा कापला म्हणून दोन दिवस बोलली नव्हती. केस कापडापेक्षा चिवट निघाले. पण त्याआधी, कात्री उघडल्याबरोबर, तिच्या डाव्या हातानं वेणी पकडली.

हे मास्तरांना नीट आठवत होतं, आणि आठवायचं नव्हतं. मूठ घट्ट होती. त्यांनी आधी करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट, आणि मधल्या बोटाकडे जाईपर्यंत करंगळी पुन्हा मिटलेली. पुन्हा करंगळी. रागावून नव्हे, अगदी मायेनं; पोराच्या हातातली गोटी काढून घ्यावी तशी ती मूठ त्यांनी सोडवली. "उकडतंय ना तुला? हलकं वाटेल बघ," असंही म्हणाले. वर लूर्डसला हसून म्हणाले, "बघ कशी धरते, तान्ह्या पोरासारखी!" दोन दिवसांनी डॉक्टर आले तेव्हा त्यांनी सहज म्हणून विचारलं, आणि डॉक्टरही सहज म्हणाले, की तान्ह्या मुलाच्या मुठीत बोट दिलं तरी ते धरतं, त्यात समज नसते. ते वाक्य मास्तरांनी जपून ठेवलं. त्या दिवसापासून क्लेमेंटीननं तोंड भिंतीकडे केलं ते केलंच. लूर्डसनं इकडे वळवलं तरी मान हळूहळू पुन्हा तिकडे जाई. त्या बाजूला खिडकी होती. वारा यायचा.

वारा कुठला? वर्षभर तिथून वारा आलेला नाही. आणि उकडत तरी कुणाला होतं, आलोशियस? तिला, की आपल्याला तिचा कंटाळा आला होता? आणि आता या मांजरीचं उकडणं... तिच्या अंगावरच्या केसांना तरी कोण वैतागलंय, ती की आपण?

दुपारी जेवणं झाल्यावर वीज गेली. पंखा कुरकुरत थांबला. लूर्डस ओटीवर पदर डोळ्यांवर घेऊन आडवी झाली होती. फ्लोरी मोरीतून उठली, पाय ओढत आतल्या खोलीत गेली आणि रोजच्यासारखी पलंगावर चढून क्लेमेंटीनच्या डाव्या कुशीला जाऊन पडली. ओल्या फरशीचा गारवा सोडून या तापल्या गादीवर ती रोज दुपारी का येते, हे मास्तरांना कधी उमगलं नव्हतं.

त्यांनी खण उघडला. कात्री वर्षभरात गंजली नव्हती. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी फ्लोरीचा पुढचा पाय हळूच उचलला. तिनं हलायचाही त्रास घेतला नाही, नुसती धापत राहिली. फक्त गुंते. सगळे नाहीत, फक्त पायाखालचे दोन गुंते, आणि मग चट्ट्यावर हळद... ते हळू आवाजात तिला सांगत होते, "काही नाही हं, हलकं वाटेल बघ," आणि बोलून झाल्यावर ते शब्द त्यांच्या कानावर आले. तरीही त्यांनी कात्री उघडली. पात्यांचा बारीक आवाज झाला.

चादर चाचपणारा क्लेमेंटीनचा हात थांबला. मग तो सावकाश सरकत आला, फ्लोरीच्या मानेवर आला, आणि मिटला.

मास्तरांनी कात्री उजव्या हातात धरून डाव्या हातानं, सवयीनं, तिची करंगळी सोडवायला घेतली. आणि तिथेच थांबले. करंगळी त्यांच्या बोटाखाली थरथरत होती. जोर लावत होती.

"क्लेमेंटीन," ते म्हणाले. "नको का?"

तोंड भिंतीकडेच होतं. कापलेले आखूड केस मानेवर घामानं चिकटलेले, मुलासारखे. मूठ तशीच.

विचारायचं राहिलं होतं ते हेच. दोन वर्षांत, अडतीस वर्षांतही असेल, हे दोन शब्द त्यांनी कधी विचारले नव्हते. आता विचारले होते, आणि उत्तर काढायची रीतही त्यांना स्पष्ट दिसत होती, एखाद्या सोप्या गणितासारखी. कात्री मिटायची, खणात ठेवायची, खण लावल्याचा आवाज तिला ऐकू जाऊ द्यायचा आणि परत येऊन मूठ बघायची. मिटलेलीच असली तर डॉक्टर खरे. नुसती पकड, समज नव्हे. आणि सुटली असली... सुटली असली तर तिला आज कळलं. मग गेल्या मे महिन्यातही कळलं होतं. करंगळी, तिच्या शेजारचं बोट, पुन्हा करंगळी, 'बघ कशी धरते', आणि त्यानंतरची प्रत्येक दुपार भिंतीकडे तोंड करून, सगळं ऐकत...

फ्लोरीची धाप वाढली होती. तिच्यासाठी काहीतरी लवकर ठरवायला हवं होतं. खण चार पावलांवर होता. मास्तर उठले नाहीत. कात्री तशीच उघडी धरून ते बसून राहिले. दोन वर्षं दर बुधवारी ते नोव्हेनाच्या प्रार्थनेला गुडघे टेकून एकच मागत आले होते, की तिला बोलता न येऊ दे, चालता न येऊ दे, पण माते, मी म्हणतो ते तिला कळू दे. आत्ताही ओठ आपोआप हलू लागले, त्याच चालीवर, आणि आपण काय पुटपुटतोय हे लक्षात आल्यावरही त्यांना ते थांबवता येईना... माते, तिला काही कळत नसू दे. तिला काही कळत नसू दे.