चंद्राचा रोट

माणसाचं लिखाण कुठलं आणि मशीनचं कुठलं हे आपल्याला वासावरून कळतं, असं सुलक्षणाबाईंचं स्वतःचं म्हणणं होतं. जळगावच्या पिंप्राळ्यात त्यांचं झेरॉक्सचं दुकान. दिवसभर पोरं मोबाइल पुढे करणार, "काकू, एवढं प्रिंट मारा," आणि बाहेर काय निघणार, तर 'माझी आई' हा निबंध. गल्लीतल्या प्रत्येक पोराची आई त्याग आणि वात्सल्याची मूर्ती! यातल्या निम्म्या मूर्तींना बाई रोज भाजीवाल्याशी भांडताना ऐकत. "आईला दाखवलास का रे हा निबंध?" असं विचारलं की पोरं दात काढत. तेव्हापासून हाती काहीही लिखाण आलं की बाई आधी संशय घेत आणि मग वाचत.

त्यात त्यांचा तो गट. 'चौकटीतली चंद्रा' नावाची एक मालिका होती, ती वाहिनीने अर्ध्यावरच गुंडाळली. नवऱ्याचं घर सोडून आलेली चंद्रा पिशवी घेऊन माहेरच्या दारात उभी, आतून कडी काढल्याचा आवाज, आणि समाप्त. दार कुणी उघडलं तेवढंही सांगितलं नाही मेल्यांनी. चंद्राला असं दारात ताटकळत ठेवणं बाईंना सोसवेना. पुढचा भाग त्यांनी स्वतःच लिहिला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. बघता बघता जळगाव-धुळ्याच्या बायांचा गट जमला आणि गोष्ट आळीपाळीने पुढे जाऊ लागली. कॉलेजातली पोरं याला फॅनफिक्शन म्हणतात. बाया नुसतं 'चंद्राचं' म्हणत. "आज चंद्राचं कुणाकडे आहे?" नियम एकच होता, मशीनला हात लावायचा नाही.

धुळ्याची उषा या गटात पहिल्यापासून होती. लिहायची बेताचंच. वाक्य एकीकडे सुरू व्हायचं आणि भलतीकडे संपायचं. पण आषाढात तिने जो भाग पाठवला तो असा सरळ आणि नितळ, की बाई चष्मा पुसून पुन्हा वाचायला बसल्या. चंद्राच्या माहेरी कानबाई बसली आहे. दिवसभर चुलीपुढे बसून चंद्रानेच रोट केलेत. सगळे जेवायला बसतात, ती दाराशी बसते. मग वहिनी उठते, आपल्या ताटातल्या रोटाचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घालते आणि म्हणते, "तू आमचीच."

गटातल्या बाया रडून बेजार झाल्या. सुलक्षणाबाईंच्या आदल्या भागाला नुसते अंगठे आले होते, हेही सांगून टाकलेलं बरं. त्यांना ते झोंबलं.

पण झोंबणं बाजूला ठेवलं तरी रोटाचं काय? कानबाईचा रोट म्हणजे काय पेढा आहे, येईल त्याच्या हातावर ठेवायला? श्रावणातल्या रविवारी देवी बसते, घरातल्या माणसांच्या नावाने गहू दळतात, त्याचे जाडजूड रोट होतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे. ते शेजाऱ्याला नाहीत, जावयाला नाहीत, आणि लग्न करून परक्या कुळात दिलेल्या लेकीलाही नाहीत. उरले तर घरच्यांनीच पुढे खाऊन संपवायचे. खान्देशातलं शेंबडं पोरही हे सांगेल. मग धुळ्याच्या बाईला ठाऊक नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं.

बाईंनी उषाला फोन लावला. उचलला नाही. आवाजात निरोप पाठव म्हणाल्या, तर उत्तर आलं, "आत्ता नाही बोलता येणार, अक्का." पुढे कधीही विचारलं तरी तेच. तिच्या फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. ही उषा नावाची बाई तरी आहे का, की तीही मशीनच?

"अगं, मशीन तुला कशाला फसवेल? त्याला दुसरे उद्योग नाहीत?" त्यांचे यजमान लीलाधरभाऊ म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

तेवढ्यात भडगावच्या मेघाने, म्हणजे गटातल्या नुकतंच लग्न झालेल्या पोरीने, तोच प्रसंग नव्याने लिहून पाठवला. तिची चंद्रा रोट खात नाही, लांबूनच हात जोडते. खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, देवीची गाणी, सगळं जागच्या जागी. "याला म्हणतात आपल्या मातीतलं!" असं बाईंनी सगळ्यांसमोर लिहिलं. आणि त्याखाली लिहिलं, "उषाताई, मशीनचं लिखाण इथे चालत नाही. ज्याला रोट कळत नाही त्याने चंद्राचं लिहू नये."

"बरं, अक्का," एवढंच उत्तर आलं. बाईंनी तिला गटातून काढलं. भाग वाचून रडलेल्यांपैकी एकीनेही हूं की चूं केलं नाही.

पुढे मेघा काही कामाने जळगावला आली ती दुकानात डोकावली. बाईंनी तिला कौतुकाने बसवून घेतलं. "रोटाचं किती बरोबर लिहिलंस गं! सासूबाईंनी सांगितलं?"

"कुठलं हो, काकू! आमच्याकडे कानबाई बसतच नाही." मेघा खळखळून हसली. "मी एआयला म्हटलं, चंद्राचा कानबाईचा भाग लिहून दे. त्यानं बठ्ठं, अगदी सगळं बरोबर दिलं."

बाईंनी झेरॉक्सचं झाकण खाली लावलं. "आणि आपला नियम?"

"तो उषाताईंपुरताच होता ना?"

बाईंना एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्यांचं नाक पार खोटं ठरलं होतं. पण संशय असा सहज सुटत नाही. दोघींनीही मशीनच वापरलं असेल, एकीचं बरोबर आलं, दुसरीचं चुकलं, असं त्यांनी मनाला समजावलं. मनाला ते पटलं नाही.

त्यांची स्वतःची कानबाई धुळ्यालाच, दिराच्या घरी बसायची. सोमवारी पांझरा नदीवर विसर्जन झालं. मंगळवारी परतीची एसटी धरण्याआधी बाई धुळ्यातच देवपुरात उषाचं घर शोधत निघाल्या. मागे एकदा चंद्राचे भाग छापून, बाइंडिंग करून त्यांनी सगळ्याजणींना धाडले होते, त्यामुळे पत्ता होता. द्वारा जीवरामभाऊ.

दार उषाच्या वहिनीने, जीवरामभाऊंच्या बायकोने उघडलं. मंदाबाई तिचं नाव. तिने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उषाताई आहेत का? मी जळगावची, त्यांची गटातली मैत्रीण."

"त्यासले मैत्रीण शे?" मंदाबाई नवलाने म्हणाली आणि बाजूला झाली.

पदराला हात पुसत उषा बाहेर आली. पन्नाशीची, बारीक चणीची. बाईंना पाहून आधी घाबरली, मग हसली. म्हणजे उषा नावाची बाई होती. चांगली हाडामांसाची होती.

जेवणवेळ होती. घरचे सगळे ताटांवर बसले होते, ताटांत उरलेले रोट. मंदाबाईने आतून वेगळी दोन ताटं आणली.

"हाई रोट आमना भाऊबंदसनाच शेतस, अक्का. बाहेरनासले देता येत नही, राग नका धरू. तुमनासाठी पोया करेल शेतस."

"राग कसला? आमच्यातही तसंच," बाई म्हणाल्या.

पोळ्यांचं एक ताट मंदाबाईने त्यांच्यापुढे ठेवलं. दुसरं उषापुढे ठेवलं.

"पण रोट उषानाच हातना शेतस," जीवरामभाऊ खाता खाता कौतुकाने म्हणाले. "तिन्हा हातले चव शे."

बाईंनी आपल्या ताटाकडे पाहिलं, उषाच्या ताटाकडे पाहिलं. दोन्ही सारखी होती. त्या आज पाहुण्या आल्या होत्या आणि संध्याकाळी आपल्या घरी जाणार होत्या. उषाही चंद्रासारखीच नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आलेली दिसत होती; त्याला किती श्रावण झाले असतील? तिला रोट कळत नाही, असं आपण चारचौघींत लिहिलं! 

"मी काय म्हनस, अक्का," मंदाबाई वाढता वाढता उषाकडे पाहत थांबली. "ह्या दुपारले मोबाइलमा काय लिखतस हो? मन्ही भाची सांगत व्हती, तुमना गटमा रोटनं काहीतरी लिखेल शे. नणंदले वहिनीनी रोट दिधा म्हने. आमना घरनी गोष्ट तं नही ना बाहेर गयी?"

जीवरामभाऊंचा हात ताटात थांबला. उषाने मान वर केली नाही. ती पोळीचा एकच तुकडा बोटांनी बारीक करत राहिली. तिचा फोन का उचलला जात नव्हता हे बाईंना आता कुणी सांगायला नको होतं.

"छे हो!" सुलक्षणाबाई मोठ्याने हसल्या. "ते उषाताईंनी कुठलं लिहायला? ते मशीनने लिहिलंय, एआय म्हणतात त्याला. त्याला काय कळतंय रोटातलं? दिलं ठोकून. मीच गटात सगळ्यांना तसं सांगितलं, विचारा हवं तर भाचीला."

मंदाबाईचा चेहरा सैल झाला. "तेच म्हनं मी," ती म्हणाली, "आपलं मानूस आसं कसं लिखी?" आणि तिने उषाच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

निघताना उषा कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. बाईंनी तिचा हात धरला. "चुकले गं मी. आजच तुला गटात घेते. सगळ्यांसमोर माफी मागते."

"नको, अक्का." उषाने मागे दाराकडे पाहिलं. "माफी मागाल तर कळेल ना, कुणी लिहिलं ते. मशीनचंच राहू द्या."

"अगं, पण इतकं छान लिहिलेलं..."

"दरवर्षी रोट थापताना मनात तेच लिहायचे. म्हणून सरळ उतरलं." ती थोडं हसली. "आता काही लिहायचं राहिलं नाही. चंद्राने खाल्ला ना रोट? झालं."

एसटीत खिडकीशी बसून बाईंनी गट उघडला. मेघाच्या भागापुढे कुणीतरी चार ओळी जोडल्याही होत्या. बाईंनी लिहिलं, "मेघाचा भाग रद्द. त्याआधीचा भाग राहील. चंद्राने रोट खाल्ला. इथून पुढे सगळ्यांनी तेच धरून लिहायचं."

लगेच मेघाचा प्रश्न आला, "पण काकू, तो तर मशीनने लिहिलेला होता ना?"

पारोळं आलं, माणसं चढली, उतरली.  मग बाईंनी 'हो' एवढंच लिहून पाठवलं आणि पदर डोळ्यांना लावला.