शेवटची सोळा पानं

मित्रांनो, मी सुरी आहे, पण मला कांदासुद्धा चिरता येत नाही. बैलाच्या शिंगाची, बोथट. ब्राझीलमधल्या पेलोतास गावच्या एका कंगवेवाल्या म्हाताऱ्यानं मला घासून गुळगुळीत केलं आणि वकील एवारिस्तो यांच्या टेबलावर माझा जन्म गेला. तेव्हा पुस्तकं छापखान्यातून घडीबंद यायची, पानं एकमेकांना जोडलेली. मी घडी कापायची, मग वाचायचं.

आमच्याकडे घडी फक्त साहेब कापायचे. आधी स्वतः वाचायचे, मग बायकोला, एउलिनाला, द्यायचे. तिनं वाचू नये ती पानं बंदच. बायकोला किती जपतो, असं गाव म्हणे. मलाही तसंच वाटायचं. खोटं कशाला बोलू?

त्या कादंबऱ्यांत बायका दोनच तऱ्हेच्या. घरात झिजणाऱ्या, नाहीतर घराबाहेर पडून मरणाऱ्या. कुणी क्षयानं, कुणी नदीत. लिहिणारे बहुतेक पुरुष. मारताना त्यांचा हात थरथरत नसे. आणि ही मरणाची पानं साहेब न चुकता कापून द्यायचे.

१९३४ साली एउलिनाला शाळेनं शिकवायला बोलावलं. लग्न झालेल्या बाईला नोकरीसाठी नवऱ्याची परवानगी लागे, कायदाच तसा. तो परवानगीचा कागद महिनाभर सहीवाचून माझ्याखाली दबून पडला होता.

अशात एका बाईनं लिहिलेली कादंबरी आली. तिची नायिका नवऱ्याचं घर सोडून मास्तरीण होते. शेवटची सोळा पानं साहेबांनी कापलीच नाहीत. घडी वाकवून, आत डोकावून वाचली. मी पाहिलं.

रविवारी जेवण झाल्यावर एउलिनानं विचारलं, "पुढची पानं?"

"काय करायचीत? मेली ती," भोपळ्याच्या पेल्यातून नळीनं कडू माते, आमच्याकडचा चहा, ओढत साहेब म्हणाले. "रस्त्यावर, पावसात भिजून. उगाच रडशील."

भांडी उचलणारी झेफा म्हणाली, "पुस्तकातल्या बाया भारीच नाजूक हो, बाई. मी चाळीस वर्षं पावसात हिंडतेय, साधी शिंक नाही."

"तुला कुणी विचारलं?"

एउलिना हसली नाही. "अहो, मरणाऱ्या सगळ्या जणी तुम्ही मला दाखवल्यात. ही खरंच मेली असती, तर हे पान सगळ्यात आधी कापलं असतंत."

तिनं साहेबांच्या टेबलावरून मला उचललं. तिचा हात मला पहिल्यांदाच लागला. पानं कापून ती मोठ्यानं वाचू लागली. त्या सोळा पानांत कुणीच मरत नव्हतं. बाई भाड्यानं खोली घेते, कॉफी करपवते, उशीर झाला म्हणून शाळेकडे धावत सुटते. बस्स. एवढ्याची भीती होती.

मग तिनं माझ्याखाली दबलेला तो कागद पुढं सरकवला. "सही करा. नाहीतर पुढच्या रविवारी शेजारणींना बोलावून हेच वाचेन. तुम्ही काय सांगितलं होतंत, तेही सांगेन."

साहेबांनी झेफाकडे पाहिलं. ती भांडी घेऊन तिथंच उभी होती. त्यांनी सही केली. मनातून नव्हे, अब्रूसाठी. एउलिना सोमवारी शाळेत गेली.

आता पुस्तकं कापलेलीच येतात. मी खणात पडून असते. शिंग वाळलं की चिरतं. वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवलंत तर उपकार होतील. पण मला जपण्याआधी एक ऐका. इतकी वर्षं ज्यानं पानं बंद ठेवली त्याच्या हातात मी होते, आणि स्वतःला निर्दोष समजत होते. तुम्ही कुणाच्या हातात आहात, ते बघा. आणि 'तुझ्या भल्यासाठीच झाकलंय' असं कुणी म्हणालं, तर माझी वाट बघू नका. बोटानं फाडा.