मागच्या सीटवर कोण होतं?

मंत्रिसाहेबांच्या गाडीच्या ड्रायव्हरला सगळे ब्रेकदादा म्हणत. कुत्रं आडवं आलं की ब्रेक, येईलसं वाटलं की ब्रेक, आणि बराच वेळ आलंच नाही तर काळजीने ब्रेक. उभ्या नोकरीत अपघात एकही नाही. मागे बसणाऱ्या मंत्र्यांच्या कपाळाला टेंगळं मात्र बरीच.

साहेब लांबच्या दौऱ्याला विमानाने जात. पण तिथे उतरून परक्या गाडीत बसायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. म्हणून ब्रेकदादांनी पहाटे रिकामी गाडी घेऊन रस्त्याने निघायचं, आणि साहेब विमानातून उतरतील तेव्हा दार उघडून उभं राहायचं. ही पद्धत कोणी सुरू केली ते कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती बंद कोणी करायची तेही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी निघताना साहेबांच्या बाईसाहेबांनी एक काळा कोट आणि एक हॅट हातात दिली. "उद्घाटनाला घालायचाय. सुरकुती पडली तर तुम्ही आणि कोट, दोघंही परत येऊ नका."

ब्रेकदादांना स्वतःचे ब्रेक माहीत होते. त्यांनी कोट हँगरसकट मागच्या सीटवर बसवला, हॅट डोकं टेकायच्या उशीवर ठेवली आणि वरून सीटबेल्ट आवळला. कोट छान बसला. साहेबांपेक्षा ताठ.

वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. तिथे कुणीतरी गाडीचा फोटो काढला, आणि दोन दिवसांनी तो पेपरात आला. काळ्या काचेआड हॅट, खाली रुंद खांदे, भोवती लाल वर्तुळ. मथळा होता : 'मंत्री विमानात, मग गाडीत कोण?'

सकाळीच साहेबांच्या सेक्रेटरीने बोलावून घेतलं.

"गाडीत कोण होतं?"

"कोट होता, सर."

"कोट म्हणू नका! कोटासाठी सरकारी गाडी धावली म्हटल्यावर लोक आपल्याला जगू देतील? साहेबच होते म्हणा. काटकसर म्हणून रस्त्याने गेले."

ब्रेकदादांनी तशा जबाबावर सही केली. दुपारी टीव्हीवर साहेब विमानाच्या शिडीवरून हात हलवताना दिसले. संध्याकाळी सेक्रेटरी म्हणाला, "कोणी नव्हतं म्हणा." पुन्हा सही. दुसऱ्या दिवशी पेपरवाले विचारू लागले, की कोणी नव्हतं तर रिकाम्या गाडीत जनतेचं पेट्रोल कशाला जाळलं? आणि कोणी नव्हतं तर हॅट कुणी घातली होती?

"कोणीतरी होतं म्हणा," सेक्रेटरी म्हणाला.

"पण कोण, सर?"

"ते चौकशी अधिकारी ठरवतील. तुमचा जबाब खोटा ठरू देऊ नका म्हणजे झालं. खोटा ठरला तर निलंबन, आणि निलंबन म्हणजे सरकारी क्वार्टर रिकामं करावं लागेल. मला वाईट वाटेल."

ब्रेकदादा डोकं धरून घरी आले. तर घरी दुसरी चौकशी मांडून ठेवलेली.

"अहो, कोण होतं हो ते?" बायकोने टीव्हीतल्या लाल वर्तुळावर लाटणं ठेवलं.

"कोट गं."

"पट्टा बांधून?"

"पडू नये म्हणून."

"माझ्या आईला दवाखान्यात नेलंत, तेव्हा ती तीनदा पुढच्या सीटवर आपटली. तिला नाही बांधलात पट्टा!"

"तिला सुरकुत्यांची भीती नव्हती," ब्रेकदादा बोलून गेले, आणि त्या रात्री त्यांना कुणी जेवायला हाक मारली नाही.

पोटात काही नसलं की माणूस नको तो विचार करतो. खरंच कोटच होता ना? वाटेत सवयीने त्यांनी विचारलं होतं, "साहेब, एसी वाढवू?" मागून उत्तर आलं नव्हतं, पण साहेबही कधी देत नसत. चहाला थांबल्यावर त्यांनी काच थोडी खाली ठेवली होती. कोटासाठी कुणी काच खाली ठेवतं का? क्वार्टर गेलं तर सामान कुठे न्यायचं, या विचारातही मध्येच ती हॅट येऊन बसायची.

चौकशी अधिकारी बाई होत्या. समोर तीन कागद.

"एका माणसाचे तीन जबाब. साहेब होते, कोणी नव्हतं, कोणीतरी होतं. यातलं तुमचं कुठलं?"

"सही तिन्हीवर माझीच आहे, बाई."

"ते दिसतंय. तुम्ही काय पाहिलंत?"

ब्रेकदादांनी शेजारी बसलेल्या सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरी छताकडे बघत होता. क्वार्टर तसंही चाललं होतं.

"कोट पाहिला. पण खरं सांगू का, आता माझीही खात्री नाही. मी त्याच्याशी बोललो होतो."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "कोट मागवा."

कोट आला. अंगणात गाडी लावून ब्रेकदादांनी तो पहिल्यासारखा बसवला, हॅट ठेवली, पट्टा आवळला, काच वर केली. सगळे लांबून बघत उभे राहिले. तेवढ्यात कार्यालयाचा जुना शिपाई फायली घेऊन शेजारून गेला. गाडीकडे नजर जाताच त्याने फायली खाली ठेवल्या, कडक सलाम ठोकला, थोडा वेळ थांबला आणि फायली उचलून निघून गेला.

सेक्रेटरीचा हातही अर्धा वर गेला होता. त्याने त्याच हाताने कान खाजवला.

बाईंनी तिथेच निकाल लिहिला : 'सदर दिवशी मंत्रिमहोदय गाडीत शासकीय स्वरूपात उपस्थित होते, व्यक्तिशः नव्हते. सबब चालकाचे तिन्ही जबाब ग्राह्य.'

क्वार्टर वाचलं. "म्हणजे शेवटी कोण होतं?" बायकोने जेवण वाढता वाढता विचारलं.

"तिघंही होते म्हणे."

"मला काही कळलं नाही."

"मलाही नाही. पण सामान हलवायचं नाही."

"मग एक करा. यापुढे आत कोण आहे ते नीट बघून गाडी काढत जा. दर वेळी शिपाई येणार नाही."

आठवड्याने साहेबांचा दौरा निघाला. बोभाटा झाल्यामुळे या खेपेला रस्त्यानेच. मागच्या सीटवर काळा कोट, हॅट पुढे ओढलेली. गाव मागे पडलं.

"साहेब, एसी वाढवू?"

उत्तर नाही. आरशात पाहिलं : हॅट, खांदे. पुन्हा विचारलं. हूं नाही की चूं नाही. ब्रेकदादांनी गाडी बाजूला घेतली, उतरून मागचं दार उघडलं आणि कोटाच्या बाहीत हळूच बोट खुपसलं.

"काय आहे?" हॅटखालून आवाज आला.

"काही नाही, साहेब. आहात ना, तेवढं बघितलं." आणि विचारणा झालीच तर जे कोणी होतं ते पट्ट्यात होतं, एवढं तरी पक्कं सांगता यावं, म्हणून त्यांनी साहेबांना सीटबेल्ट बांधून टाकला.