रिकामं मोजणं

दिंद्रुडजवळच्या त्या गावात गहिनीनाथला सगळे ‘इंजिनेर’ म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्यालाही ते आवडे. पुण्यातली नोकरी सांभाळून त्यानं गावच्या पाणी सोसायटीला यंत्र बसवून दिलं होतं. साल दुष्काळाचं. टँकर दिवसाआड येऊन टाकीत रिकामा व्हायचा. कार्ड लावलं की मीटर फिरायचं आणि घरामागे शंभर लिटर भरले की पाणी आपोआप बंद व्हायचं. नळी धरायला पहिल्यापासूनचा सटवामामाच होता.

त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं, “इंजिनेर, नळीत आदी हवा येती. ती जाऊ दे, मंग मोज.” हवेनंही मीटर फिरतं. म्हणून नळी सुरू झाल्यावर हवा जाईपर्यंत लिटर मोजू नयेत, असा एक थांबा गहिनीनाथनं प्रोग्राममध्ये घातला. घातला म्हणजे काय, तर वेळ जावा म्हणून यंत्रानं आधी लाखो आकडे नुसते मोजायचे आणि त्यांचं पुढं काहीच करायचं नाही. होता आळशीपणाच, पण चालून गेला.

मे महिन्यात बाया उन्हात उभ्या राहून कावल्या. “तुझं मशीन लई दमानं चालतंय,” असं वत्सलाबाईनं सगळ्यांदेखत ऐकवलं आणि ते इंजिनेरला लागलं. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा कंपायलर असतो. वेग वाढवायला त्यानं किती काटछाट करायची, ते शून्य ते तीन असं सांगता येतं. गहिनीनाथनं शून्याचे तीन केले. तपासलं मात्र काही नाही. दुसऱ्या दिवशी रांग झपझप सरकली, चेअरमन सुंदररावांनी पाठ थोपटली आणि स्वारी खुशीत पुण्याला गेली.

पंधरा दिवसांत बोभाटा झाला. घरोघरी घागरभर पाणी कमी पडत होतं आणि तिकडं टाकीत दर खेपेला पाणी उरत होतं. कोण चोरून ठेवतंय म्हणून सोसायटी बसली, गहिनीनाथला फोन लागला.

“मशीन चुकत नसतं,” तो म्हणाला. “नळी कुणाच्या हातात असते ते बघा.”

मागून सटवामामाचा आवाज आला, “यंत्र आता थांबत न्हाई, तेवढं इचारा त्याला.”

“मामा, ते तुम्हाला कळायचं नाही,” म्हणून गहिनीनाथ हसला.

सटवामामाला काढलं. त्याची बायको सत्यभामा रांगेत यायची बंद झाली. लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून ती डोक्यावर पाणी आणू लागली.

सटवामामाला काढलं तरी घागर कमीच. शेवटी गहिनीनाथ गावी आला आणि स्वतः नळी धरली. फुस्स करून हवा आली. हात कोरडाच होता आणि मीटरवर बारा लिटर झालेही होते. यंत्र घरी नेऊन त्यानं पुन्हा शून्य करून पाहिलं, ते आधी थांबून मगच मोजू लागलं. तीन केलं, थांबा गायब. ज्या मोजण्यातून काहीच निघत नाही, ते बिनकामाचं समजून कंपायलरनं टाकून दिलं होतं.

शून्य करून गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? हा विचार त्यानं दुपारभर केला आणि तो केल्याचीच त्याला जास्त लाज वाटली. संध्याकाळी सोसायटीपुढं त्यानं सगळं सांगितलं. “चूक व्हतीच की माणसाकडनं,” सुंदरराव म्हणाले, आणि सटवामामाला परत बोलवायचं ठरवून मंडळी चहाला उठलीसुद्धा. दोन मिनिटांत माफ झालं. एवढं स्वस्त माफ झालेलं त्याला सोसेना.

दोन घागरी भरून तो सटवामामाच्या दारात गेला. सत्यभामा बाहेर आली.

“मामी, चूक माझी होती. मामाचा काही दोष नव्हता.”

“आमाला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “ठिव तितं.”

तिनं घरातून लिटरचं माप आणलं, रिकामी कळशी पुढ्यात घेतली आणि त्याच्यासमोर एकेक माप ओतू लागली.

आतून सटवामामा म्हणाला, “अगं, गहिनीनं आणलंय. मोजती कशाला?”

“म्हनूनच मोजते.”

दुसरी घागर संपेपर्यंत गहिनीनाथ मान खाली घालून उभा होता.